मीर-ए-सामान ते खानसामा : पाहुणचाराच्या श्रमाची कहाणी

शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात आम्हा शिक्षकांचा निम्मा वेळ फॉर्म भरण्यात जातो. यंदा नववीच्या वर्गात माहितीचे तक्ते भरून घेताना एका मुलाच्या कागदापाशी मी थांबलो. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात त्याने 'मजुरी' असे लिहिले होते. त्याच्या अब्बांना मी ओळखतो. आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांचे जेवण त्यांच्या हातचे असते. हजार माणसांचा नान-खलिया ते एका रात्रीत उभा करतात. मसाल्याला तराजू लागत नाही, हाताचा अंदाज पुरतो. सगळी वस्ती त्यांना 'उस्ताद' म्हणते.

मी मुलाला विचारले, "अरे, तुझे अब्बा तर बावर्ची आहेत ना? मग मजुरी का लिहिलंस?"

मान खाली घालून तो पुटपुटला, "सर, बावर्ची लिख्या तो पोट्टे भटियारा बोलके चिडाते."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द माझ्या रोजच्या वापरातले. 'भटियारा' हा शब्द शिवी कधी झाला आणि एका उस्तादाचा मुलगा बापाचा हुन्नर लपवून 'मजुरी' का लिहितो, या प्रश्नाने मला काही रात्री जागवले. आज पर्यटन आणि हॉटेल व्यवसायात किती नोकऱ्या आहेत, किती येणार आहेत, त्यासाठी कोणते कौशल्य हवे, यावर सरकारे आणि संस्था पाहण्या करतात, अहवाल काढतात. पण पाहुण्याला निवारा आणि अन्न देण्याचे काम या देशात शेकडो वर्षे एक पेशा म्हणून चालत आले आहे. त्या कामाची किंमत कोणी ठरवली आणि त्यातल्या कौशल्यावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, हा इतिहास आपण फारसा वाचत नाही. या लेखात तोच थोडा उलगडायचा आहे.

सरायचा कारभार

सुरुवात शेरशाह सूरीपासून करू. त्याची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची, १५४० ते १५४५. पण रस्ते आणि सराया म्हटले की आजही त्याचेच नाव पुढे येते. अकबराच्या काळात अब्बास खान सरवानी याने शेरशाहचा इतिहास लिहिला. त्यात दर दोन कोसांवर एक याप्रमाणे १,७०० सराया बांधल्याचे तो सांगतो. अब्बास खान स्वतः अफगाण होता आणि शेरशाहचा त्याला अभिमान होता, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. पण त्याने केलेले कारभाराचे वर्णन मोलाचे आहे. सरायच्या मधोमध विहीर आणि भाजलेल्या विटांची मशीद. दाराशी पाण्याने भरलेले रांजण, कोणीही यावे आणि प्यावे. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी वेगळ्या खोल्या. हिंदूंच्या सोयीसाठी ब्राह्मण नेमलेले. गरम-गार पाणी, खाट, जेवण आणि घोड्यांना दाणा देण्याचे काम त्यांच्याकडे. शिवाय एक देखरेख करणारा शहना आणि पहारेकरी. या सगळ्यांचा खर्च सरायलगतच्या जमिनीच्या उत्पन्नातून चालायचा. शेरशाहने बांधलेल्या मोठ्या रस्त्यांपैकी एक आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, म्हणजे थेट आपल्या दख्खनच्या उंबरठ्यापर्यंत येत होता.

या वर्णनात श्रमाची विभागणी स्पष्ट दिसते. पाणी देणारा, स्वयंपाक करणारा, राखण करणारा आणि हिशेब बघणारा अशी वेगवेगळी माणसे. त्यांच्या पोटापाण्याची सोय प्रवाशाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, ती जमिनीला बांधलेली होती. आणि कामाची ही विभागणी जात-धर्माच्या रेषेवरूनच झालेली होती, हेही नाकारता येणार नाही.

उत्तर हिंदुस्थानात सराय चालवणाऱ्यांची एक बिरादरीच तयार झाली. तेच भटियारे. त्यांच्यात शेरशाही आणि सलीमशाही अशा दोन शाखा सांगितल्या जात. सलीमशाह म्हणजे शेरशाहचा मुलगा इस्लामशाह. या दोन बादशहांच्या नावांशी आपली वंशावळ जोडणारे लोक स्वतःला हलके समजत नसणार. सरायचे काम सगळे कुटुंब मिळून करी. पुरुष दाणा-पाणी आणत, बायका चूल सांभाळत आणि प्रवाशांचे जेवणखाण बघत. घराबाहेर, अनोळखी माणसांत वावरून कमावणाऱ्या मुसलमान बायकांचा हा एक जुना पेशा होता.

परदेशी प्रवाशांनी सरायांबद्दल बरेच लिहून ठेवले आहे. इटलीहून आलेला निकोलाओ मनुची सांगतो की संध्याकाळी सरायचा दरवाजा बंद होई. सकाळी उघडण्यापूर्वी दरवान तीनदा हाक देऊन सांगे की ज्याने-त्याने आपले सामान तपासून घ्यावे. सगळ्यांचे सामान जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच फाटक उघडे. फ्रेंच वैद्य बर्निये याला मात्र साध्या सराया आवडल्या नाहीत. माणसे, घोडे आणि उंट एकत्र कोंबलेली मोठी कोठारे असे त्याने त्यांना म्हटले. पण शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने दिल्लीत बांधलेली सराय बघून तो हरखला. पॅरिसमध्ये अशा इमारती असायला हव्यात, म्हणजे परगावच्या माणसाला सुरक्षित जागा मिळेल, असे त्याला वाटले. चांदणी चौकातली ती सराय १८५७ च्या उठावानंतर पाडली गेली आणि तिच्या जागी टाउन हॉल उभा राहिला.

आपल्याकडेही याच्या खुणा आहेत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पर्यटक पाणचक्की बघायला गर्दी करतात. तिथल्या दर्ग्यात विसावलेल्या सूफीचे नावच बाबा शाह मुसाफिर. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर ती चक्की फिरत असे आणि तिच्यावर दळलेले पीठ तिथे उतरणाऱ्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या जेवणासाठी वापरले जाई. पर्यटक चक्कीचा फोटो काढतो. त्या पिठाची रोटी कोण भाजत होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मुदपाकखान्यातला हुद्दा

आता दरबाराकडे वळू. मराठीत आपण राजवाड्याच्या स्वयंपाकघराला 'मुदपाकखाना' म्हणतो. हा शब्द अरबी 'मत्बख'वरून आला आहे. मत्बख म्हणजे जिथे शिजवले जाते ती जागा. तो मराठीत इतका मुरला की 'पाक' हा संस्कृत शब्दही त्यात येऊन बसला. हॉटेलच्या स्वयंपाकघराला 'भटारखाना' म्हणतो, त्यात तर तोच भटियारा दडलेला आहे. रोज शब्द वापरायचा आणि त्यातल्या माणसाला शिवी द्यायची, अशी आपली रीत.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. वर्षाचा अंदाजपत्रकी खर्च आधी ठरायचा. वेगवेगळ्या मुलखांतले स्वयंपाकी कामाला होते. सगळ्यांवर मीर बकावल हा अधिकारी. पदार्थ तयार झाला की आधी स्वयंपाक्यांनी आणि मग मीर बकावलने चाखायचा. सोन्या-चांदीची भांडी लाल कापडात आणि तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधून त्यावर मीर बकावलची मोहोर लागे. कारकून सगळ्या भांड्यांची यादी करून आत पाठवी, म्हणजे वाटेत कोणी अदलाबदल करू नये. खिचडीसारख्या साध्या पदार्थाचीही मापे लिहिलेली आहेत. तांदूळ, डाळ आणि तूप, तिन्ही सारखेच. आजच्या पंचतारांकित हॉटेलात गुणवत्ता तपासणीच्या नावाने जे चालते, त्याचा हा सोळाव्या शतकातला नमुना.

आणि सगळ्या शाही घरकारभाराच्या आणि कारखान्यांच्या डोक्यावर होता 'मीर-ए-सामान', ज्याला 'खान-ए-सामान'ही म्हणत. दिवाण, मीर बख्शी आणि सद्र यांच्या रांगेत बसणारा हा हुद्दा. शाहजहानच्या काळात मुल्ला अलाउल मुल्क तूनी ऊर्फ फाजिल खान हा विद्वान माणूस या पदावर होता. पुढे १६६३ मध्ये औरंगजेबाने त्याला वजीर केले. म्हणजे खान-ए-सामान या पदावरचा माणूस साम्राज्याचा वजीर होऊ शकत होता.

याच 'खान-ए-सामान'चा पुढे 'खानसामा' झाला. एकोणिसाव्या शतकात खानसामा म्हणजे साहेबाच्या बंगल्यातला किंवा डाकबंगल्यातला स्वयंपाकी-नोकर. शब्द तोच राहिला आणि माणूस दरबारातून चुलीपाशी आला. अर्थात, दरबारातला मीर-ए-सामान स्वतः चुलीपाशी बसत नव्हता. तो उमराव होता. चुलीपाशी घाम गाळणाऱ्याची नावे तेव्हाही इतिहासात फारशी आली नाहीत. त्यामुळे मुघल काळ म्हणजे कष्टकऱ्यांचा सुवर्णकाळ, असा अर्थ कोणी काढू नये. मुद्दा इतकाच की त्या व्यवस्थेत हे काम राज्यकारभाराचा भाग मानले जात होते. त्याची उतरंड, तपासणी आणि हिशेब ते काम जाणणाऱ्यांच्याच हातात होता.

डाकबंगला आणि चिठ्ठी

इंग्रजी अमलात रस्त्यांवर डाकबंगले उभे राहिले. सरकारी अधिकारी आणि गोरे प्रवासी तिथे उतरत. प्रत्येक बंगल्यावर एक खानसामा आणि एक चौकीदार. वेळी-अवेळी पालखीतून किंवा टांग्यातून साहेब उतरला की खानसाम्याची धावपळ सुरू. आवारातली कोंबडी पकडायची, कापायची आणि तासाभरात ताटात वाढायची. या कोंबडीला अँग्लो-इंडियन लोकांनी गमतीने 'सडन डेथ', म्हणजे अचानक मरण, असे नाव ठेवले होते. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात त्याची रीतसर नोंद आहे. कोंबडीच्या नावावर हसणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. बर्फ नाही, बाजार नाही, पाहुणा कधी येईल याची खबर नाही, अशा ठिकाणी एकट्या माणसाने गरम जेवण वाढायचे, हे साधे काम नाही. डाकबंगल्यात एक वहीही असे. प्रवाशाने निघताना त्यात नाव, मुक्काम आणि शेरा लिहायचा. आज मोबाईलवर पाच तारे द्यायचे की दोन, हे पाहुणा ठरवतो. त्या वहीची ही पुढची आवृत्ती.

पण खरा खेळ होता चिठ्ठीचा. आपल्याच 'चिठ्ठी'वरून इंग्रजीत 'चिट' हा शब्द गेला. साहेब बदली होऊन निघाला की खानसामा, बटलर आणि बेअरा त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेत. 'हा माणूस प्रामाणिक आहे, कटलेट चांगले करतो.' पुढच्या साहेबाच्या दारात उभे राहायला हेच भांडवल. नोकर या चिठ्ठ्या जिवापाड जपत. अडचण अशी की चिठ्ठी इंग्रजीत आणि ती दाखवणाऱ्याला इंग्रजी येत नसे. त्यामुळे एखादा मस्करीखोर साहेब त्यात भलतेसलते लिहून देई आणि बिचारा ते मोठ्या अदबीने पुढच्या साहेबाच्या हाती ठेवी. साहेबलोकांच्या आठवणींत असे किस्से चवीने सांगितलेले आढळतात. दुसऱ्या बाजूने बाजारात चिठ्ठ्या भाड्याने मिळत, विकत मिळत आणि बनावटही मिळत. एकाच चिठ्ठीवर दोन-तीन जणांनी नोकरी मिळवली, अशा तक्रारी साहेबांच्या मेमसाहेब करत.

अर्थशास्त्रात याला फार पुढे नाव मिळाले. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजारातल्या 'संकेतां'वर निबंध लिहिला आणि त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस किती कुशल आहे, हे नोकरी देणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणून तो पदवीसारखी बाहेरून दिसणारी खूण बघतो. ती खूण खरे कौशल्य वाढवते की नाही, हा प्रश्न वेगळा. आमचा खानसामा हे सगळे शंभर वर्षे आधी भोगत होता. सरायच्या भटियाऱ्याला चिठ्ठी लागत नसे. वाटसरू येई, जेवी आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच चुलीवर येई. आता हाताची चव पुरेशी राहिली नाही. ती चव साहेबाने कागदावर मान्य करावी लागली.

रेल्वे आली, रस्ते ओस पडले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढच्या काही दशकांत लांबचा प्रवास रस्त्यावरून रुळांवर गेला आणि दर मुक्कामाला लागणाऱ्या सराया ओस पडल्या. भटियाऱ्यांचा पेशा मोडण्यात या बदलाचा मोठा हात आहे. त्यांच्यातले काही शहरांत लग्नाचे जेवण करू लागले, काहींनी खाणावळी टाकल्या, काही मजुरीला लागले. मुंबईत मुस्लिम लग्नातल्या आचाऱ्याला आजही भटियारा म्हणतात, ते त्यामुळेच.

रेल्वेने नव्या नोकऱ्याही आणल्या. स्टेशनांवर उपाहारगृहे निघाली. गोऱ्यांसाठी वेगळी, हिंदूंसाठी वेगळी, मुसलमानांसाठी वेगळी. 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' अशा पाट्या लागल्या. सरायमध्येही खोल्या वेगळ्या होत्या, पण दारातला रांजण सगळ्यांचा होता. स्टेशनवर पाणीच वाटले गेले. त्याबरोबर पाणी देणाऱ्याची नोकरीही धर्मावर ठरू लागली. कोणत्या घागरीला कोणाचा हात लागलेला चालतो, यावर भरती व्हायची. आजही एखाद्या हॉटेलात अर्ज करणाऱ्या मुलाचे नाव ऐकून मालकाचा चेहरा बदलतो, तेव्हा मला ती पाटी आठवते.

मुंबईची कहाणी वेगळीच. १८६० च्या दशकात काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची लोखंडी इमारत उभी राहिली. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाले. गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकी आणि वाढपी हॉटेलांत आणि आगबोटींवर गेले. त्यांच्या गावांचे 'कूड' मुंबईत होते. गावकऱ्याने तिथे स्वस्तात उतरायचे आणि कोणत्या बोटीवर जागा आहे, ही खबर तिथेच ऐकायची. कोकणातल्या गावांच्याही अशा सामाईक खोल्या होत्या, आमच्या कोकणी मुसलमान खलाशांच्याही. नोकरीची माहिती जमा करणारी आणि वाटणारी ही आपल्या लोकांची स्वतःची व्यवस्था होती. आजच्या भाषेत म्हणायचे तर रोजगार केंद्रे.

हाजींचा प्रवास हाही मोठा उद्योग होता. मुंबई हे हाजचे प्रमुख बंदर. यात्रेकरूंची लूट आणि हाल यांची ओरड वाढल्यावर सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीला अधिकृत एजंट नेमले. पर्यटनाचा जागतिक धंदा उभा करणारी हीच ती कंपनी. काही वर्षांतच तोटा सोसून तिने हा व्यवहार सोडला. हाजींना खरा आधार मिळाला तो समाजातल्या दानशूरांनी बांधलेल्या मुसाफिरखान्यांचा. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतलाच. अशा ठिकाणी पाणी भरणारे, सामान वाहणारे, देग चढवणारे शेकडो हात राबले. दात्याचे नाव इमारतीवर कोरले जाते. या हातांची नावे कुठेच नाहीत.

पदविका, पाहणी आणि रकाना

स्वातंत्र्यानंतर हॉटेलातले काम शिकवण्याच्या संस्था निघाल्या. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलमार्फत, मुंबईत या प्रकारची पहिली संस्था सुरू झाली. चिठ्ठीची जागा पदविकेने घेतली. ही निश्चितच प्रगती होती. पदविका साहेबाच्या लहरीवर नसते, तिला अभ्यासक्रम असतो. आपल्या मराठवाड्यात डॉ. रफिक झकेरिया यांच्या मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टने औरंगाबादेत ताज समूहाच्या साथीने हॉटेल मॅनेजमेंटची संस्था उभी केली, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट.

पण पदविकेने एक नवी भिंतही उभी केली. २००४ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात कौशल्याच्या चार पातळ्या आहेत आणि त्या प्रामुख्याने औपचारिक शिक्षणाच्या वर्षांवर बेतलेल्या आहेत. दहा वर्षांपर्यंत शाळा म्हणजे पहिली पातळी, अकरा ते तेरा म्हणजे दुसरी, आणि असेच वर. अनौपचारिक कौशल्याचा उल्लेख तिथे आहे, पण तो पहिल्या पातळीपाशी. माझ्या विद्यार्थ्याचे अब्बा चौथी शिकलेले. या मोजपट्टीवर तीस वर्षांची देग आणि तीन महिन्यांचा झाडू शेजारी-शेजारी येऊन बसतात.

आता श्रमबलाची पाहणी बघा. २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होत आहे. त्यात माणसाला दोन तऱ्हांनी विचारतात. गेल्या वर्षभरात मुख्यतः काय केले आणि गेल्या सात दिवसांत काय केले. सात दिवसांत एका दिवशी तासभर काम केले तरी त्या आठवड्यापुरता तो रोजगारात धरला जातो. आता बावर्चीचे वर्ष कसे असते? लग्नसराईत रोज दोन-दोन ठिकाणी देग. मोहर्रममध्ये लग्ने बंद. पावसाळ्यात मंदी. रमजानमध्ये लग्ने नाहीत, पण तो संध्याकाळी हलीमची गाडी लावतो. बकरी ईदला चार दिवस उसंत नाही आणि पुढचे दोन आठवडे रिकामे. पाहणी करणारा मे महिन्यात आला तर हा स्वयंरोजगारी, ऑगस्टमध्ये आला तर कदाचित बेरोजगार, आणि कोणा ठेकेदाराकडे रोजावर गेलेल्या आठवड्यात आला तर प्रासंगिक मजूर. माणूस एकच. पाहणीची पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही. देशभराचा आकडा काढायला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण त्या रेघेत हंगामी हुन्नर नीट बसत नाही. आणि जे आकड्यात नीट बसत नाही, त्याच्यासाठी योजनाही नीट बसत नाही.

पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही योजना सुरू केली. उर्दू शिक्षक म्हणून नाव वाचून मला बरे वाटले. हुनर आणि रोजगार, दोन्ही शब्द आमच्या घरचे. तरुणांना काही आठवड्यांचे मोफत प्रशिक्षण, स्वयंपाक आणि वाढपाचे. पण स्वयंपाकाच्या अभ्यासक्रमाला आठवी पासची अट. चांगली योजना, पण उस्तादांना तिचे दार बंद. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मात्र, आठवी झाली असेल तर, सहा-आठ आठवड्यांत प्रमाणपत्र. अलीकडे कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानाची मान्यता' हा मार्ग निघाला आहे. शाळेबाहेर शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायचा. हे पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र आमच्या वस्तीत त्याची माहिती असलेला बावर्ची मला अजून भेटलेला नाही. तो त्याचा दोष की आम्हा शिकलेल्यांचा?

दोष आपल्याही पदरात

इंग्रजांना आणि सरकारला बोलून झाले. आता घरात बघू. उर्दूत भांडखोर बाईला 'भटियारिन' म्हणायची पद्धत आहे. मी स्वतः वाक्प्रचार म्हणून हे वर्गात शिकवले आहे, फळ्यावर लिहून, अर्थ सांगून, मुलांना हसवून. त्या दिवशी समोरच्या बाकावर कोण बसले असेल, याचा विचार मी केला नव्हता. सरायमध्ये दिवसाला पन्नास अनोळखी पुरुषांशी हिशेब करणारी, पैसे बुडवणाऱ्याला दारात अडवणारी बाई मोठ्याने बोलणार नाही तर काय करणार? तिच्या धंद्याची गरज आम्ही तिच्या चारित्र्यावर चिकटवली.

इस्लाममध्ये बरोबरी आहे, हे आपण मिंबरावरून ऐकतो. पण आपल्या समाजात अशराफ आणि इतर अशी उतरंड शतकानुशतके आहे आणि हाताने काम करणाऱ्या बिरादऱ्या तिच्या तळाशी आहेत. उत्तर प्रदेशात इतर मागासवर्गीयांच्या यादीत भठियारा ही नोंद आहे, ती उगाच नाही. वलीम्याच्या दावतीत आपण बोटे चाटून खातो. 'खलिया कोणाचा आहे?' असेही विचारतो. मात्र त्याच उस्तादाच्या मुलासाठी स्थळ विचारायला आले, तर आपल्याला खानदान आठवते. 'मेहतर' हा मूळ फारसीत मोठ्या माणसाचा शब्द. 'भिश्ती'चे नाते बहिश्तशी, म्हणजे जन्नतशी सांगतात. तहानलेल्याला पाणी पाजणारा जन्नतचा माणूस. आपण दोन्ही शब्दांचे काय केले, ते वेगळे सांगायला नको.

आणि एक गोष्ट शिक्षक म्हणून. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना धाब्यांवर, हॉटेलांत आणि घरकामात ठेवायला कायद्याने बंदी आली. तरीही सुट्टीनंतर वर्गात परतणाऱ्या काही मुलांच्या हातांवर भाजल्याचे डाग असतात. हुन्नराचा आदर करा असे म्हणताना कोवळ्या पोराला भटारखान्यात ढकला, असा त्याचा अर्थ नाही. मुलगा आधी शिकला पाहिजे. मग त्याने देगेपाशी उभे राहायचे की बँकेत बसायचे, हे त्याने ठरवावे. ठरवण्याचा हक्क हीच खरी प्रतिष्ठा.

अजिंठ्याला जाणारी मंडळी फर्दापूरच्या फाट्यावर उतरतात. तिथून लेण्यांकडे बस जाते. त्या फर्दापुरात आणि अजिंठा गावात जुन्या सराया आहेत. गेल्या हिवाळ्यात सहलीला गेलो, तेव्हा मुलांना मी मुद्दाम सराय दाखवली. कमानींच्या ओळी बघून एक मुलगी म्हणाली, "सर, इतक्या खोल्या? मग रोट्या किती लागत असतील!" लेण्यांतल्या रंगांवर तोंड भरून बोलणाऱ्या मला हा प्रश्न इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

त्या फॉर्मचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी मुलाला घरून यादी आणायला सांगितली. अब्बा कामात कोणकोणते शब्द वापरतात, ते विचारून लिही. दोन दिवसांनी तो वहीची तीन पाने भरून घेऊन आला. देग, कफगीर, यखनी, दम, बघार, तरी. पुढे प्रत्येकाचा अर्थ, काही मराठीत, काही दखनीत. त्यातले चार शब्द मलाही माहीत नव्हते. मी ती पाने वर्गात वाचून दाखवली. कोणी हसले नाही.

नंतर उस्ताद शाळेत आले. दारातच उभे राहिले. "मास्टरसाब, बच्चा कुछ गलती किया क्या?" मी त्यांना खुर्ची दिली आणि फॉर्म समोर ठेवला. छापील पर्याय होते शेती, नोकरी, व्यापार, मजुरी, इतर. बावर्चीसाठी रकाना नव्हता. मुलाने 'मजुरी'वर काट मारली, 'इतर'वर खूण केली आणि शेजारच्या उरलेल्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिले : बावर्ची. उस्तादांनी चष्मा नसल्यामुळे कागद लांब धरून बघितला आणि विचारले, "ये क्या लिख्या?"

मुलाने वाचून दाखवले.